सल्फाचे थेंब आणि रोगी क्रमांक एक

मला संशोधक व्हायचं होतं. आज हे सहज लिहून टाकतोय, पण तेव्हा कुणापाशी बोलायची सोय नव्हती. बांद्याच्या बाजारात, उजवीकडे सुक्या मासळीचं दुकान आणि डावीकडे सायकलींची पंक्चर काढणारा, अशा जागी दवाखाना थाटलेल्या माणसाने असं काही बोललं तर लोक त्याच्या घरच्यांना निरोप धाडतात. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी मुंबईला डॉक्टर होऊन नुकताच परतलो होतो. दवाखान्यात ताप यायचे, जुलाब यायचे, मुरगळलेले पाय यायचे आणि मोसमात काजूबियांचं तेल लागून भाजलेले हात यायचे. यातल्या कशावरही जगाला सांगण्यासारखं नवं काही मला सापडेना. त्यामुळे मी कायम चिडलेला असायचो. माझा स्वभाव मुळात तापट. अजूनही आहे, पण आता गुडघे दुखतात म्हणून मी बसून चिडतो.

दवाखाना आधीच्या डॉक्टरांकडून आयता मिळाला होता. सोबत दोन बाकं, एक तराजू आणि कंपाउंडर मिळाले. कंपाउंडर साठीला आलेले. उभं आयुष्य त्यांनी मोठ्या बरण्यांतून मिक्श्चर ओतण्यात आणि बाटलीवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवण्यात घालवलं होतं. रंग नसलेल्या औषधाने कुणी बरं होतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. मला ते ‘डॉक्टरांनु’ म्हणत. मी एखादं नवीन औषध लिहून दिलं की चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरून वाचत, आणि मग माझ्याकडे असं बघत की मीच ती परत मागून घेऊन पुन्हा एकदा तपासायचो.

अशात एक दिवस एक पन्नाशीचा माणूस आला. इन्सुलीचा नाका ओलांडून आत डोंगराकडे त्याचं गाव. घरची थोडी भातशेती आणि काजूची झाडं, पण तो स्वतः वीस-बावीस वर्षं मालवाहू जहाजावर खानसामा होता. उंच, हाडकुळा, डोळ्यांत मिश्किली. खिशातून त्याने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मुंबईच्या इस्पितळाचा कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. मी तो वाचला आणि माझी खुर्ची आपोआप वीतभर मागे सरकली. कागदावर एड्स असं लिहिलेलं होतं.

तेव्हा हा रोग आमच्याकडे फक्त वर्तमानपत्रात होता. मी स्वतः एकही रोगी पाहिला नव्हता. काय विचारावं ते सुचेना म्हणून मी विचारलं, “काका, हा आजार कुठे लागला?”

“दर्यात,” तो म्हणाला.

मी ते लिहून घेतलं. पुन्हा मी हा प्रश्न त्यांना कधी विचारला नाही, आणि त्यांनीही आपण होऊन काही सांगितलं नाही.

त्यांची अडचण अशी होती. या रोगात एक विचित्र जातीचा न्यूमोनिया होतो. तो त्यांना मुंबईत होऊन गेला होता आणि सल्फाच्या औषधाने ते मरता मरता वाचले होते. पण औषध चालू असतानाच अंगभर लाल पुरळ उठलं, सूज आली, म्हणून ते बंद करावं लागलं. रोज सल्फाची एक गोळी पोटात गेली तर हा न्यूमोनिया परत येणं टळतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि ती गोळी तुम्हाला घेता येणार नाही, हेही सांगितलं. परत न्यूमोनिया झाला तर काय, असं काकांनी विचारलं तेव्हा डॉक्टर काही न बोलता पुढच्या खाटेकडे गेले. तेव्हा हा गडी समजायचं ते समजून एस.टी.त बसला आणि गावी आला.

“गोळी खाल्ली तर पुरळ, नाय खाल्ली तर मरण,” ते मला म्हणाले. “मदला काय आसा तुमच्याकडे?”

मधलं काही माझ्याकडे नव्हतं. पण मी पणजीला गेलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा रविवार होता आणि तिथल्या मेडिकल कॉलेजचं ग्रंथालय बंद होतं, त्यामुळे मी अर्धा दिवस बागेत बसून स्वतःवर चिडलो. दुसऱ्यांदा उघडं मिळालं. परदेशी मासिकांच्या ढिगात मला हवं ते सापडलं. सल्फाने एरवीच्या माणसांना क्वचित पुरळ येतं, पण एड्स झालेल्यांना सर्रास येतं, आणि असं का होतं ते तिकडच्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही नीट कळलेलं नव्हतं. काहींनी एक युक्ती करून पाहिली होती. औषध थेंबाथेंबाने सुरू करायचं, रोज थोडं वाढवायचं, आणि अंगाला फसवत फसवत पुऱ्या गोळीपर्यंत न्यायचं. मी तो लेख तीन वेळा वाचला. चौथ्यांदा वाचताना मला त्याच्या मथळ्याखाली माझं नाव दिसायला लागलं.

परतल्यावर मी एक जाड वही घेतली आणि पहिल्या पानावर ‘रोगी क्रमांक एक’ असं लिहिलं. क्रमांक दोन कुठेच नव्हता, पण संशोधनात आकडा लागतो. मग मी नियम ठरवले. त्यातला सगळ्यात कडक नियम असा की रोग्याला काहीही सांगायचं नाही. परदेशात प्रयोग करताना रोग्याला सगळं सांगत नाहीत असं मी कुठेतरी अर्धवट वाचलं होतं. का सांगत नाहीत आणि काय सांगत नाहीत ते पुढच्या पानावर असणार, पण ते पान झेरॉक्समध्ये आलं नव्हतं.

कंपाउंडरांना मी सात बाटल्यांवर एक ते सात आकडे घालायला सांगितले. लहान मुलांना देतात ते सल्फाचं पातळ औषध घेतलं. पहिल्या बाटलीत पाणी आणि त्यात औषधाचा एक थेंब, दुसरीत थोडे जास्त, असं करत सातवीत शुद्ध औषध. पहिली बाटली त्यांनी उजेडाला धरली.

“डॉक्टरांनु, ह्यां औषध नाय. ही औषधाची आठवण.”

“तेवढंच हवंय.”

“जरा नारिंगी रंग घालतंय. माणसाक बरां वाटता.”

मी इतका ओरडलो की बाजूचा पंक्चरवाला आत डोकावून गेला. रंग घातला नाही, पण पुढचे दोन दिवस कंपाउंडर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होते.

रोज संध्याकाळी दवाखाना आटपून मी स्कूटरवरून काकांच्या गावी जायचो. जाताना इन्सुलीचा नाका. गोव्याकडून येणाऱ्यांच्या पिशव्यांत तिथे बाटल्याच शोधतात, आणि माझ्या पिशवीत बाटल्याच होत्या. पहिल्या दिवशी शिपायाने एक बाटली उघडून वास घेतला.

“कसलाच वास नाही,” तो म्हणाला.

“औषध आहे. फार पातळ केलेलं.”

त्याने दुसरी उघडली, तिचाही वास घेतला आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “डॉक्टरसाहेब, इतकं पाणी घालून धंदा कसा चालायचा?”

दुसऱ्या दिवसापासून त्याने मला अडवलं नाही. नुसता हात करायचा आणि हसायचा.

काकांच्या घरी त्यांची विधवा थोरली बहीण होती. काका तिला आक्का म्हणायचे, मग मीही म्हणायला लागलो. काकांनी तिला जहाजावरचा आजार एवढंच सांगितलं होतं, आणि आसपासच्यांना सांगायला आम्ही तिघांनी मिळून ‘जुनं पित्त’ ठरवलं होतं. पित्त हा आमच्याकडचा घरचा आजार. त्याची कुणी चौकशी करत नाही, फक्त उपाय सांगतात.

आता एक गोष्ट लिहायला मला लाज वाटते, पण ती लिहिल्याशिवाय पुढचं समजणार नाही. मी त्या घरात रबरी हातमोजे घालून आणि नाकातोंडाला रुमाल बांधून जायचो. नुसत्या शिवण्याने हा रोग लागत नाही हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं एकीकडे आणि माझे हात एकीकडे, असा प्रकार होता. मी खळ्यात, म्हणजे अंगणात, स्कूटर लावून, तिथेच मोजे चढवून, मग पायरी चढायचो. काकांनी पहिल्या दिवशी मला नखशिखांत न्याहाळलं.

“आक्का,” त्यांनी आत हाक मारली, “भिंती रंगवूक माणूस इलो गो.”

मी हसलो नाही. संशोधक हसत नाहीत अशी माझी समजूत होती.

पाच दिवस सगळं सुरळीत चाललं. मी चमच्याने औषध द्यायचो, दोन तास ओसरीवर बसायचो, अंगावर काही उठलं का पाहायचो आणि वहीत ‘काही नाही’ लिहायचो. पिशवीत इंजेक्शन तयार असायचं. काका या दोन तासांत मला जहाजावरच्या गोष्टी सांगायचे. एका कप्तानाला त्यांनी सहा महिने कुळथाची पिठी हे फ्रेंच सूप म्हणून पाजलं होतं. मी ती गोष्ट वहीत घेतली नाही, याचं आता वाईट वाटतं.

पाचव्या दिवशी निघताना आक्काने मला खळ्यात गाठलं. “झिला, खरां सांग. बिघडला तर कळतला कसां?”

“उद्यापासून औषध जोरदार होणार,” मी म्हटलं. “सोसलं नाही तर अंगावर लाल लाल उठेल. पित्त उठतं तसं.”

“पित्त?” ती म्हणाली, मान डोलावली आणि आत गेली. बाई समजूतदार आहे, असं मला वाटलं.

सहाव्या दिवशी काकांच्या दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत, लाल डाग होते.

सातव्या दिवशी पायांवरही आले, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, आणि मानेवर. मी मोजे घातलेल्या बोटाने दाबून पाहिलं. डाग तसेच. सूज नव्हती, ताप नव्हता. कोपरापाशी डाग एका सरळ रेषेत थांबत होते, गुडघ्यापाशीही तसेच, शिंप्याने आखल्यासारखे. असं पुरळ मी कुठल्याच पुस्तकात पाहिलं नव्हतं. मी वहीत लिहिलं, ‘सीमारेषा अत्यंत स्पष्ट.’

“काका, खाज?”

“नाय.”

“आग?”

“नाय. जरा चिकचिकता.”

मी लिहिलं, ‘रोग्यास चिकट संवेदना.’ मग वही मिटली आणि माझ्या मते गंभीर असा चेहरा करून सांगितलं, “आजपासून औषध बंद.”

काकांनी हातातली वाटी खाली ठेवली. “कित्याक?”

नियम मोडायचा नाही म्हणून मी म्हणालो, “ते मला सांगता येणार नाही.”

ते उठले आणि वाटी घेऊन आत गेले. मलाही ते सोयीचं वाटलं. मी स्कूटरवर बसलो आणि घरी जाऊन मुंबईच्या माझ्या सरांना चार पानी पत्र लिहिलं. त्यात मी या पुरळाला ‘किनारपट्टीय प्रकार’ असं नावही देऊन टाकलं होतं.

पुढचे अकरा दिवस मी जात राहिलो. आता द्यायचं काही नव्हतं, नुसतं बघायचं होतं. आणि चमत्कार असा की औषध बंद होऊनही पुरळ जाईना. एक दिवस फिकट, दुसऱ्या दिवशी पुन्हा गडद. मी आनंदाने वेडा व्हायचा बाकी राहिलो होतो. हे लिहिताना आज अंगावर काटा येतो, कारण तो माणूस रोज औषधाशिवाय राहत होता, न्यूमोनिया केव्हाही गाठू शकत होता, आणि मी मात्र डागांच्या रंगाला नावं शोधत होतो.

काका बदलले होते. कप्तानाच्या गोष्टी बंद झाल्या. ओसरीच्या कठड्याला टेकून समोरच्या काजूंकडे बघत बसायचे. मी नोंद केली, ‘रोगी खिन्न. कारण अज्ञात.’

चौथ्या-पाचव्या दिवशी मी वाटेने येत होतो, तर शेजारचा शेतकरी काळा कोट, आत जाकीट आणि खाली लंगोटी अशा वेषात काजूच्या झाडावर चढून फांदी हलवत होता. काकांनी कुठल्याशा बंदरात शिवून घेतलेला आणि कधीही न घातलेला तो कोट होता. दोन दिवसांनी वाडीच्या टोकाच्या घरातून काकांच्या टेपरेकॉर्डरचा आवाज यायला लागला. मग त्यांचा काळा चष्मा दुधवाल्याच्या नाकावर दिसला. सूर्य मावळल्यावरही तो काढायला तयार नव्हता आणि म्हशीला धडकला होता. आठव्या दिवशी काकांनी मला त्यांची स्वयंपाकाची मोठी सुरी दिली, जहाजावर वीस वर्षं वापरलेली.

“तुमका ठेवा,” एवढंच म्हणाले.

मी आभार मानले. सुरी घेतली. वहीत लिहिलं, ‘रोग्याच्या स्वभावात औदार्य वाढीस लागले आहे. औषधाचा दूरगामी परिणाम असावा काय?’ ती वही अजून माझ्याकडे आहे. हे वाक्य मी खोडलेलं नाही, शिक्षा म्हणून तसंच ठेवलंय.

अकराव्या दिवशी मी पुराव्यासाठी फोटो काढायचं ठरवलं. बाजारातल्या फोटो स्टुडिओवाल्याकडून कॅमेरा मागून आणला, रंगीत रोल घातला आणि हात धरायला कोणी हवं म्हणून कंपाउंडरांना स्कूटरवर मागे बसवलं. त्यांना रोग ठाऊक होता. मी मोजे पुढे केले तर म्हणाले, “ते माका लहान जातत,” आणि खिशात घातले.

काका ओसरीवर उघडे बसले. डाग त्या दिवशी ताजे आणि लालभडक होते. कंपाउंडरांनी त्यांचा डावा हात मनगटाला धरून उजेडात आणला. मी कॅमेऱ्यात डोळा घातला. तेवढ्यात मला भिंगातून दिसलं की कंपाउंडरांनी हात सोडलाय, आपली बोटं एकमेकांवर घासली आहेत, नाकाशी नेली आहेत. आणि मग त्यांनी मधलं बोट सरळ तोंडात घातलं.

माझ्या हातातला कॅमेरा पडला नाही एवढंच. कंपाउंडर डोळे मिटून चव बघत होते.

“डॉक्टरांनु,” ते म्हणाले, “ह्या पुरळात मीठ जरा जास्त पडलां.”

आक्का दारातच उभी होती. ती रागावली. “मीठ बेताचांच आसा. आगळ घरचां आसा माझां, गेल्या मे महिन्यातला.”

आगळ म्हणजे रातांब्याचा मीठ घालून टिकवलेला रस. ज्याची सोलकढी होते तोच. आमच्याकडे अंगावर पित्त उठलं की तो चोळतात. माझ्या आईने मला शंभर वेळा चोळला असेल. आणि तो लालभडक असतो.

मी विचारलं, “आक्का, तुम्ही हे रोज लावता?”

“मगे? तूच सांगलंस पित्त उठतला म्हणान. उठाच्या आदीच लावलंय. तू येवच्या आदी आंघोळ घालतंय आणि लावतंय. बग, एक फोड उठाक दिलंय काय?” तिचं म्हणणं अगदी बिनतोड होतं. बाह्या कोपरापर्यंत सारून ती लावत होती आणि लुंगी गुडघ्यापर्यंत वर करून. माझ्या सीमारेषा तिथे आखल्या गेल्या होत्या.

“मग औषध बंद झाल्यावरही?”

“औषध तू बंद केलंस. मी खंय केलंय?”

मी रुमाल बांधला नसता तर मला वास आला असता. मोजे घातले नसते तर चिकटपणा लागला असता. अठरा दिवस मी त्या माणसाला जवळून तपासत होतो आणि एकदाही त्याला शिवलो नव्हतो.

हे माझ्या डोक्यात शिरायच्या आत काका बोलले. अगदी हळू. “म्हणजे, डॉक्टर, तुमका वाटला माका पुरळ उठलां?”

“होय.”

“म्हणान औषध बंद केलास?”

“होय.”

“मी मरतंय म्हणान नाय?”

तेव्हा मला कोट, टेपरेकॉर्डर, चष्मा आणि सुरी यांचा अर्थ लागला. मुंबईचा डॉक्टर काही न बोलता पुढच्या खाटेकडे गेला होता, आणि इथे मीही तेच केलं होतं. माझा गंभीर चेहरा बघून या माणसाने अकरा दिवस निरवानिरव केली होती. मी “नाही” म्हणालो. काकांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं हसतायत, पण ते रडत होते. नंतर हसले, पण ते बऱ्याच वेळाने.

मला भयंकर राग आला. तो मी आधी आक्कावर काढायला गेलो, पण तिचं काही चुकलं नव्हतं. मग कंपाउंडरांकडे वळलो, तर ते दुसरं बोट चाखून बघत होते. मग कुणीच उरलं नाही. मी मोजे काढले, रुमाल सोडला, तांब्या घेतला आणि काकांचे हात स्वतःच्या हातांनी धुतले. पाणी लाल होऊन ओसरीवरून खळ्यात गेलं. खाली नुसती सावळी, स्वच्छ कातडी होती. एक ठिपका नव्हता. त्यांच्या हातांना सुरीचे घट्टे पडलेले होते आणि ते माझ्या हातांपेक्षा ऊबदार होते.

मी तिथेच त्यांची माफी मागितली. काका म्हणाले, “पयलो माझो टेप परत हाडून द्या.”

ते काम औषधापेक्षा कठीण गेलं. शेजाऱ्याने कोट दिला, पण त्याला काजूच्या चिकाचे डाग पडले होते. चष्म्याची एक काच म्हशीच्या प्रकरणात गेली होती. टेपरेकॉर्डर आला, पण त्यात भजनाची कॅसेट अडकलेली होती. ती शेवटपर्यंत निघाली नाही, त्यामुळे पुढे त्या घरात दुसरं काही वाजलंच नाही. मरायचं रद्द झाल्याचं लोकांना सांगता येत नव्हतं, म्हणून आम्ही पित्त उतरलं असं सांगितलं. आगळाचं नाव वाडीभर झालं, आणि आक्काकडे लोक बाटल्या घेऊन यायला लागले.

सरांचं उत्तर आलं. त्यांना फार उत्सुकता वाटत होती आणि त्यांनी पुरळाचा नमुना मागवला होता. मी तीन दिवस लिहू की नको करत शेवटी खरं काय ते कळवलं. त्यावर त्यांचं एक ओळीचं कार्ड आलं, की नमुना तरीही पाठव, घरी सोलकढी आवडते. कंपाउंडरांनी बाटलीवर डोसाची पट्टी चिकटवून पार्सल केलं.

औषध आम्ही पुन्हा पहिल्या बाटलीपासून सुरू केलं. या खेपेला काकांना मी सगळं सांगितलं. किती थेंब, का, काय होऊ शकतं, मला काय ठाऊक नाही. शेवटची यादी सगळ्यात मोठी होती. वही त्यांच्याच मांडीवर असायची आणि नोंदी ते स्वतः वाचायचे. ‘चिकट संवेदना’ त्यांनी आक्काला मोठ्याने वाचून दाखवली. आक्काला आगळ लावायला मी बंदी केली. ती तिने पाळली, पण मला न विचारता जेवणात रोज सोलकढी सुरू केली, मी तिकडे काणाडोळा केला. सातवी बाटली झाली, अर्धी गोळी झाली, आणि एका संध्याकाळी पुरी गोळी झाली. काकांनी ती पाण्याबरोबर घेतली आणि कंपाउंडर धरून आम्ही चौघे त्यांच्या अंगाकडे बघत ओसरीवर बसलो. दोन तास काहीच उठलं नाही. मी इतका खूश झालो होतो की नाक्यावरच्या शिपायाला थांबून सांगितलं. कशाबद्दल ते त्याला कळलं नाही, पण त्याने हात मिळवला.

लेख मी कधी लिहिला नाही. एका माणसावरून, तेही आगळ लावलेल्या, काय लिहिणार? सुरी काकांनी परत घेतली नाही. ती माझ्या स्वयंपाकघरात आहे.

त्यानंतर काका दीड वर्षाहून जास्त जगले. तो न्यूमोनिया पुन्हा आला नाही. गोळीने आपलं काम केलं. पण या रोगाला शरीरात शिरायच्या वाटा पुष्कळ, आणि बाकीच्या वाटांवर तेव्हा आमच्याकडे ठेवायला काहीच नव्हतं. ते वाळत गेले. मी आधी आठवड्यातून एकदा जात होतो, मग रोज जायला लागलो. शेवटच्या पावसाळ्यात एका दुपारी मी त्यांच्या खाटेशेजारी बसलो होतो. आक्का आत पेज करत होती. त्यांनी माझं मनगट धरलं.

“डॉक्टर, तोंड पाडू नकात. काय ता सांगा. मरतंय मा?”

अशा वेळी डॉक्टरांच्या खिशात चार वाक्यं तयार असतात. माझ्याही होती.

“होय, काका,” मी म्हटलं. “आता फार दिवस नाहीत.”

त्यांनी आतल्या दाराकडे मान वळवली. “आक्काक सांगलास?”

“नाही. आधी तुम्हाला.”

“बरां केलास,” ते म्हणाले. माझा हात त्यांनी सोडला नव्हता. “मागच्या खेपेक अकरा दिस फुकट मेलंय.”